एका हाताला ११६, दुसऱ्या हाताला १९६ : किडनीच्या चिंचोळ्या धमनीचं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेलं आहे. अशा पेशंटमध्ये नेहमी जे आढळतं, तेच एका फाइलमध्ये एकत्र बांधलं आहे. पेशंट पंचवीस वर्षांची, कोरेगाव तालुक्यातली, वजन ४६ किलो, पहिलं मूल सात महिन्यांचं आणि अंगावर पिणारं. घरची शेती. घेवडा काढणीच्या दिवसांत डोकेदुखी वाढली, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं, म्हणून ती चष्म्याचा नंबर काढायला साताऱ्यात आली. नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहिला. दोन्ही डोळ्यांत कापसासारखे पांढरे ठिपके आणि ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव होते. नंबर काढणं राहिलं बाजूला, चिठ्ठी मिळाली ती फिजिशियनकडे, 'आजच्या आज' असं लिहून.

फिजिशियनच्या ओपीडीत उजव्या दंडाला बीपी निघालं १९६/११८. सोबत आलेल्या सासूबाईंनी लगेच उपकेंद्रातलं कार्ड पुढे केलं, "अवो डॉक्टर, चार दिवसांमागं ताईंनी बघितलं तवा एकशे सोळा होतं. हितं आली की घाबरतीया ती." कार्डावर खरंच ११६/७४ होतं. पट्टा डाव्या दंडाला बांधला, तर निघालं १२०/८२, आणि डाव्या मनगटाची नाडी बोटाला जेमतेम लागत होती.

निदानाचा अर्धा भाग इथेच झाला. उरलेला अर्धा मशीनवर झाला.

फाइल उलटी वाचताना

जुनी फाइल मागे मागे वाचत गेलं की बीपीचे आकडे वेड्यासारखे उड्या मारताना दिसतात. गरोदरपणात उपकेंद्रात ११०/७०, ११४/७२, ११२/७०. बत्तिसाव्या आठवड्यात पोटात दुखतं म्हणून तालुक्याला दाखल केलं तिथे १५०/१००, दुसऱ्या दिवशी १६४/१०८. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाची वाढ कमी आणि बीपी १७०/११० म्हणून सिझेरियन. घरी गेल्यावर पुन्हा उपकेंद्र, पुन्हा ११४/७२. शेरा: 'गरोदरपणातला बीपी, उतरला. गोळ्या बंद.'

उपकेंद्रात टेबल भिंतीला लावलेलं, पेशंटची खुर्ची टेबलाच्या अशा बाजूला की डावा हातच टेबलावर टेकतो. मशीनची नळी आखूड, उजव्या दंडापर्यंत पोचायची तर पेशंटला उलटं बसवावं लागतं. शिवाय कडेवर बाळ असलं तर उजवा हात गुंतलेला. त्यामुळे दोन वर्षांतला तिथला प्रत्येक आकडा डाव्या हाताचा आहे. तालुक्याला मात्र सलाईन डाव्या हाताला लावलेलं होतं, म्हणून पट्टा उजव्या हाताला गेला आणि खरा आकडा दिसला. मोजणाऱ्यांपैकी कोणीही चुकीचं वाचलेलं नाही. कोणत्या हाताला मोजलं ते कुणी लिहिलेलं नाही, एवढंच.

गरोदरपणात सुरू झालेला साधा बीपी प्रसूतीनंतर बारा आठवड्यांत उतरायला हवा. उतरला नाही, तर तो गरोदरपणाचा नव्हता असं धरून कारण शोधायला लागायचं. इथे तो 'उतरला' होता, कारण पाहिला गेला तो अरुंद झालेल्या धमनीच्या पलीकडचा हात.

फाइलमध्ये आणखी एक तक्रार दोनदा लिहिलेली आहे: 'डावा हात भरून येतो.' धुणं पिळताना, दोरीवर कपडे वाळत घालताना हात जड व्हायचा, खाली सोडून मिनिटभर थांबलं की बरा. त्यावर मानेचा एक्स-रे आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. काम करताना दुखणं आणि थांबलं की थांबणं हे रक्त कमी पोचण्याचं लक्षण. मानेच्या नसेचं दुखणं असं घड्याळ लावून येत-जात नाही.

तपासणी

दोन्ही दंडांचं बीपी पाच मिनिटं बसवून, एकामागोमाग दोनदा. १० मिमीपेक्षा जास्त फरक दोन्ही वेळा आला तर तो टिपायचा, आणि पुढची सगळी मोजणी जास्त आकड्याच्या हातावर. इथे फरक ७० च्या वर. मग पाय. घोट्याजवळ पट्टा बांधून हँड डॉप्लरने पाहिलं तर वरचा आकडा २०८, जांघेतल्या नाड्या दोन्ही बाजूंनी भरदार. पायाचं बीपी हातापेक्षा कमी आलं असतं तर महाधमनीच, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनीच, मध्ये चिंचोळी आहे असं समजावं लागलं असतं. ते नाही, हे दोन मिनिटांत कळलं आणि पुढे अँजिओग्राफी जांघेतून करता येईल हेही कळलं.

स्टेथोस्कोप डाव्या हंसळीच्या वरच्या खळग्यात ठेवल्यावर फूत्कार, म्हणजे अरुंद जागेतून रक्त घुसतानाचा आवाज, ऐकू आला. बेंबीच्या वर, थोडं डावीकडे, दाबून ठेवल्यावर तिथेही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवायची सवय मोडत चालली आहे. शांत खोली आणि तीस सेकंद लागतात. मात्र पोटात आवाज नाही म्हणून किडनीची धमनी चांगली, असा उलटा अर्थ काढू नये.

रक्तात हिमोग्लोबिन १०.२, ईएसआर ६८ आणि सीआरपी ३१ (दोन्ही सूज दाखवणारे आकडे), क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) ०.९, पोटॅशियम ३.२. लघवीत प्रथिनं १+. ईसीजीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची वाढ, इकोत भिंत १३ मिमी. तरुण पेशंट, भडकलेला बीपी आणि लघवीची गोळी न घेताही कमी पोटॅशियम, असं त्रिकूट दिसलं की दोन शक्यता समोर येतात: किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन आपोआप जास्त तयार होतंय, किंवा किडनीला रक्त कमी पोचल्यामुळे ती रेनिन सोडते आणि ते रेनिन अल्डोस्टेरॉन वाढवतंय. पहिल्यात रेनिन दबलेलं असतं, दुसऱ्यात चढलेलं. इथे नाडी आणि फूत्कार इतकं बोलत होते की रेनिनच्या रिपोर्टसाठी थांबण्यात अर्थ नव्हता.

१९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून बीपी वाढवून दाखवलं. या बाईच्या डाव्या किडनीत तेच चाललंय. किडनीला वाटतं शरीरातलं रक्तच कमी झालंय. ती रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होऊन साऱ्या रक्तवाहिन्या आवळते आणि मीठ-पाणी धरून ठेवते. उजवी किडनी निरोगी असल्याने ती जादा दाबाखाली मीठ बाहेर टाकत राहते, पण डावी ऐकत नाही. हा एका बाजूचा आजार आहे की दोन्ही, यावर औषधाची निवड ठरते.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' लिहिलं तर 'दोन्ही किडन्या नॉर्मल' असा रिपोर्ट येण्याची भीती असते. 'रीनल आर्टरी डॉप्लर' (किडनीच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) असं स्पष्ट लिहावं, पेशंटला सहा ते आठ तास उपाशी ठेवावं आणि सकाळचीच वेळ घ्यावी. दुपारपर्यंत आतड्यांतला गॅस धमनीचं मूळ झाकून टाकतो. या पेशंटची डावी किडनी ८.४ सेंमी, उजवी १०.९. दीड सेंमीपेक्षा जास्त फरक म्हणजे संशय. डाव्या धमनीच्या मुळाशी रक्ताचा वेग सेकंदाला ३४० सेंमी, महाधमनीत ८५, म्हणजे गुणोत्तर ४. साडेतीनच्या वर असेल तर ६० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा धरतात. किडनीच्या आतल्या बारीक धमन्यांत लाट सपाट, उशिरा चढणारी. मुळाशी गॅस आला तरी आतली ही सपाट लाट चुगली करते.

मग मानेपासून ओटीपोटापर्यंत सीटी अँजिओ. त्याआधी लघवीची गर्भचाचणी. ७० मिलि कॉन्ट्रास्ट (फिल्ममध्ये धमन्या उजळवणारं औषध), उजव्या कोपरात १८ नंबरची सुई. कॉन्ट्रास्टनंतर दूध बंद करायला सांगतात. त्याची गरज नसते, बाळाच्या पोटात जाणारा अंश नगण्य असतो. फिल्ममध्ये डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी तीन सेंमी लांबीत ८० टक्के अरुंद, किडन्यांजवळच्या महाधमनीची भिंत साडेतीन मिमी जाड, डाव्या किडनीची (रीनल) धमनी मुळापासून १२ मिमीपर्यंत ८५ टक्के अरुंद, उजवी स्वच्छ. उशिराच्या फेजमध्ये जाड भिंतीभोवती कडं उजळलेलं, म्हणजे सूज अजून जिवंत आहे.

निदान: ताकायासू धमनीदाह. नाव पडलं ते जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांच्यावरून. त्यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं वर्णन केलं होतं. इथेही वाट डोळ्यावरूनच आली, पण कारण वेगळं: त्यांच्या पेशंटच्या डोळ्याला रक्त कमी पोचत होतं, या पेशंटच्या डोळ्याला दाबाने इजा झाली. जपानमध्ये महाधमनीच्या कमानीचा आजार जास्त दिसतो, आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या. म्हणून भारतात तरुण बाईचं बीपी भडकलेलं दिसलं की दोन्ही हातांच्या आणि दोन्ही पायांच्या नाड्या बोटाने पाहायच्याच. २०२२ च्या निकषांत निदानाला पाच गुण लागतात. या पेशंटचे त्याच्या कितीतरी वर जातात.

आधी आग, मग दुरुस्ती

डोळ्यात रक्तस्राव असलेला १९६/११८ घरी पाठवायचा नसतो. दाखल केलं. पहिल्या दिवसात सरासरी दाब २० ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचा नाही. इथे पहिला मुक्काम १६०/१०० च्या आसपास. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकण्याची खोड अजून काही ठिकाणी आहे. त्याने दाब कोसळतो आणि मेंदूला झटका बसू शकतो. तोंडातून लॅबेटलॉल १०० मिग्रॅ दोन वेळा आणि अम्लोडिपिन ५ मिग्रॅ, एवढ्यावर सुरुवात केली.

उजवी धमनी स्वच्छ आहे हे सीटीत दिसल्यावरच एनालाप्रिल, म्हणजे अँजिओटेन्सिन बनू न देणारं औषध, आणलं, २.५ मिग्रॅपासून. भडकलेल्या बीपीत किडनीतून मीठ-पाणी निघून शरीर कोरडं झालेलं असतं, आणि अशा वेळी या औषधाचा पहिला डोस दाब खाली आपटवू शकतो. म्हणून लघवीची गोळी जोडायची घाई नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सातव्या दिवशी, मग पंधराव्या. ०.९ चं १.१ झालं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घ्यायची. त्याच्या वर गेलं तर गोळी थांबवायची आणि लगेच विचारायचं की दुसरी धमनीही अरुंद आहे का, किंवा किडनी एकच आहे का. नुसती गोळी बदलून पुढे जाणं ही इथली नेहमीची चूक. दोन्ही बाजू अरुंद असताना हीच गोळी किडनी बंद पाडू शकते.

सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ, सकाळी खाऊन झाल्यावर. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी. घरात कुणाला टीबी झाला होता का हे थेट विचारायचं, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सोबत सूज दाबून ठेवणारं अ‍ॅझाथायोप्रिन ५० मिग्रॅ, पुढे किलोला २ मिग्रॅच्या हिशेबाने वाढवत. मेथोट्रेक्सेट स्वस्त आणि ओळखीचं, पण अंगावर पाजणाऱ्या आणि दुसऱ्या मुलाचा विचार असलेल्या बाईला ते नको. अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवायचं नाही. काही जणांच्या जनुकांत हे औषध पचवण्याचा वेग फार कमी असतो. त्यांच्या पांढऱ्या पेशी वेगाने कोसळतात आणि केस झुपक्याने गळायला लागतात. केसगळतीची तक्रार आली तर शाम्पू विचारत बसू नये, त्याच दिवशी रक्त काढावं.

तिसऱ्या महिन्यात घोटाळा झाला. चेहरा गोल झाला, शेजारणी म्हणाल्या "बाळंतीण सुटलीय", तर कुणी सांगितलं स्टेरॉईड हाडं खातं. तिने गोळ्या स्वतःच बंद केल्या. आठवड्याभरात मळमळ, अंगात त्राण नाही, उभं राहिल्यावर चक्कर. महिन्यांच्या डोसनंतर शरीराची स्वतःची स्टेरॉईड बनवण्याची व्यवस्था झोपलेली असते, एकदम बंद केलं की ती जागी व्हायला वेळ घेते. सीआरपी ६ वरून पुन्हा २४. गोळी पुन्हा सुरू करावी लागली आणि अँजिओप्लास्टी तीन महिने लांबली. पहिल्याच भेटीत 'चेहरा गोल होईल, भूक वाढेल, डोस उतरला की परत जाईल, पण एकदम बंद केलीस तर आडवी होशील' हे सासूबाईंसमोर सांगितलं असतं तर बहुधा हे टळलं असतं. चार मिनिटांचं काम.

फुगा, स्टेंट नाही

नवव्या महिन्यात ईएसआर १८, सीआरपी ३, आणि हे आकडे काही महिने टिकलेले. प्रेडनिसोलोन ७.५ मिग्रॅवर. तरीही चार औषधांवर उजव्या हाताचं बीपी १६४/१०२. कोणती किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये डाव्या किडनीचा वाटा ३० टक्के. म्हणजे वाचवण्याजोगी किडनी, आणि औषधाला न जुमानणारं बीपी.

इथे बरेच जण २००९ ची अ‍ॅस्ट्रल आणि २०१४ ची कोरल चाचणी पुढे करतात: ८०६ आणि ९४७ पेशंट, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून औषधांपेक्षा जास्त फायदा नाही. बरोबर आहे, पण ते पेशंट प्रामुख्याने उतारवयाचे, चरबी साचून धमनी अरुंद झालेले. पंचविशीतल्या धमनीदाहाला तो निकाल लावणं म्हणजे उसाचा अंदाज घेवड्याला लावणं.

सूज जिवंत असताना फुगवलेली धमनी पुन्हा मिटते, म्हणून वाट पाहिली. प्रक्रियेआधी अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ. उजव्या जांघेतून ६ फ्रेंचची शीथ (आत शिरायची नळी), हेपरिन ४,५०० युनिट. आधी महाधमनीचं चित्र, मग कॅथेटरचं टोक भिंतीला न घासता धमनीच्या तोंडाशी. ०.०१४ इंची वायर पार केल्यावर दाब मोजला: महाधमनीत १६८/९६, अरुंद जागेच्या पलीकडे वरचा आकडा ९०. चित्र कितीही अरुंद दिसो, दाबात २० चाही फरक नसेल तर फुगा लावून काही मिळत नाही. इथे ७८.

आधी ४ मिमीचा फुगा, मग ५ मिमीचा. धमनीचा निरोगी भाग ५ मिमी होता, त्याहून मोठा घेतला तर फाटते. ताकायासूत भिंत चिवट, दोरखंडासारखी झालेली असते. ८ अ‍ॅटमॉस्फिअरला फुगा मध्ये आवळलेलाच राहिला, डमरूसारखा. न ताणणारा उच्च दाबाचा फुगा घेऊन सावकाश १६ पर्यंत नेल्यावर डमरू सुटला. प्रत्येक फुगवणीत पेशंटच्या कुशीत दुखलं. थोडं दुखणं अपेक्षित आहे. फुगा सोडल्यावरही दुखत राहिलं किंवा असह्य झालं तर थांबून चित्र घ्यायचं. फाटलंच तर तोच फुगा हलक्या दाबाने जागेवर फुगवून ठेवायचा, रक्त थोपवायचं आणि आच्छादित स्टेंटची तयारी करायची. उरलेला अरुंदपणा २० टक्के, दाबाचा फरक ८. कॉन्ट्रास्ट ४० मिलि.

स्टेंट टाकला नाही. या आजारात स्टेंटच्या आत मांस वाढून धमनी पुन्हा बुजते, आणि बुजलेला स्टेंट उघडणं फुगवलेली धमनी पुन्हा फुगवण्यापेक्षा अवघड. धमनीचा आतला पापुद्रा सुटून रक्त अडलं किंवा फुगा काढताच धमनी पुन्हा आवळली, तरच स्टेंट. खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का हे आरोग्यमित्राकडे तारीख ठरवण्याआधी विचारायचं, दाखल झाल्यावर नाही.

संध्याकाळपासून दर तासाला बीपी, उजव्या हाताला. पहिल्या दोन दिवसांत दाब झपाट्याने उतरू शकतो. जुन्याच चार गोळ्या चालू ठेवल्या तर पेशंट संडासात चक्कर येऊन पडते. लॅबेटलॉल त्याच रात्री बंद, चौथी गोळी दुसऱ्या दिवशी. घरी जाताना १३६/८४, अम्लोडिपिन ५ आणि एनालाप्रिल ५ वर. आजार बरा झाला असं कुणी लिहू नये. बीपी आटोक्यात आलं, इतकंच. डॉप्लर एक, सहा आणि बारा महिन्यांनी. वेग पुन्हा २०० च्या वर चढला किंवा बीपी कारणाशिवाय वाढलं तर आधी ईएसआर, सीआरपी बघायचं, मग पुन्हा फुगा.

डाव्या हाताची धमनी तशीच सोडली आहे. हात थंड पडत नाही, बोटांना जखम नाही, आणि बाजूच्या बारीक वाहिन्यांनी वाट काढली आहे. धुणं पिळताना जड होतो तेवढा होतो.

दुसऱ्या मुलासाठी आजार किमान सहा महिने शांत हवा. तोवर तांबी बसवायची. इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, त्यांनी बीपी आणि गुठळ्या दोन्ही वाढतात. मूल ठरवण्याआधी एनालाप्रिल बंद करून लॅबेटलॉल किंवा निफेडिपिन, कारण पोटातल्या बाळाच्या किडनीला एनालाप्रिल घातक. अ‍ॅझाथायोप्रिन चालू राहील, बाराव्या आठवड्यापासून कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन राहील. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनने एक ओळ लिहिली आहे: 'बीपी फक्त उजव्या हाताला. सलाईन डाव्या हाताला.' आशाताईंनी उपकेंद्रातली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हलवून घेतली.